रंग गेला, मीठ राहिले : तिरुपूरचा तंटा आणि आपले डाईंगवाले

हौजिअरीचा धंदा करणाऱ्या प्रत्येक दुकानदाराला २०११ चा उन्हाळा आठवत असेल. गंजी, टी-शर्ट, लहान मुलांचे कपडे, आमचा बहुतेक माल तिरुपूरहून येतो. फेब्रुवारी उजाडला होता, उन्हाळी ऑर्डरी दिलेल्या होत्या, बयाणा पोहोचला होता आणि तिकडून दलालाचा फोन आला की कापड विणून पडले आहे, पण रंगवायला कोणी नाही. २८ जानेवारी २०११ रोजी मद्रास उच्च न्यायालयाने तिरुपूरचे सर्व डाईंग व ब्लीचिंग कारखाने बंद करण्याचा हुकूम दिला होता. सातशेहून अधिक कारखाने एका फटक्यात थांबले. त्या हंगामात आम्ही मागील वर्षाचा शिल्लक माल झटकून विकला आणि लुधियाना-कोलकात्याचा माल चढ्या भावाने आणला. गिऱ्हाईक ओरडले, उधारी अडकली.

त्यावेळी बाजारात एकच बोलणे होते : चार शेतकऱ्यांनी हट्ट धरला आणि लाखोंची रोजी बुडवली. खरे सांगायचे तर आमचेही मत तेच होते. पुढे खरेदीच्या निमित्ताने तिकडे दोन-तीनदा जाणे झाले, कारखानदारांशी सविस्तर बोलणे झाले, आणि आमच्या गावातील एका मित्रावर तशीच पाळी आली, तेव्हा हे मत बदलावे लागले. भांडण कशावरून होते हेच आम्हा कापडवाल्यांना नीट ठाऊक नव्हते. आम्ही समजत होतो की भांडण रंगाचे आहे. ते मिठाचे होते.

हा मिठाचा मामला आधी समजून घेऊ. सुती कापड ज्या रिॲक्टिव्ह रंगांनी रंगवतात, ते रंग पाण्यातून कापडावर चढावेत म्हणून टाकीत मीठ घालावे लागते. गडद रंगाला लिटरमागे साठ ग्रॅमच्या आसपास मीठ लागते. एक किलो कापडाला दहा लिटर पाणी धरले तर सहाशे ग्रॅम मीठ झाले. पाचशे किलोचा एक लॉट म्हणजे तीनशे किलो मीठ, पन्नास किलोच्या सहा गोण्या. यातले मीठ कापडावर राहत नाही. ते रंग चढवण्याचे काम करते आणि सगळेच्या सगळे पाण्याबरोबर गटारीत जाते.

आता कारखानदार सांडपाण्याचे काय करतो? चुना घालतो, तुरटी किंवा हिराकस घालतो, गाळ खाली बसतो, वरचे पाणी स्वच्छ दिसते. पाहणारा म्हणतो, पाणी शुद्ध झाले. पण चुन्याने व तुरटीने रंग बसतो, मीठ बसत नाही. साखर विरघळलेले पाणी फडक्याने गाळून गोडी जाते का? तसेच हे. तिरुपूरच्या कारखानदारांनी नव्वदीच्या दशकात, न्यायालयाचा रेटा आल्यानंतर, वर्गणी काढून सामुदायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रे बांधली. पैसा घातला, जमीन घेतली. त्या केंद्रांतून रंग गेला आणि मीठ जसेच्या तसे नोय्यल नदीत पडत राहिले.

नोय्यल ही कोइंबतूरच्या पश्चिमेकडील डोंगरात उगम पावणारी, तिरुपूर शहरातून जाणारी आणि पुढे करूर जिल्ह्यात कावेरीला मिळणारी लहान नदी आहे. पावसाळा सोडला तर तिला स्वतःचे पाणी थोडेच असते. तिरुपूरच्या खाली ईरोड भागात ओरातुपाळयम येथे शेतीसाठी धरण बांधले गेले, ते १९९२ मध्ये पूर्ण झाले. नेमक्या त्याच वर्षांत तिरुपूरची निर्यात भरभराटीला येत होती. परिणाम असा झाला की शेतीसाठी बांधलेले धरण डाईंगच्या पाण्याचा हौद बनले. धरणाकाठच्या गावांच्या विहिरी पाझराने खारट झाल्या, म्हणून ती गावे म्हणू लागली की पाणी साठवू नका. पाणी सोडले की खाली करूरकडील पिके जळत, म्हणून ते शेतकरी म्हणू लागले की पाणी सोडू नका. ज्या धरणाची कोणे एके काळी वाट पाहिली, त्यात पाणी नको असे शेतकऱ्यानेच म्हणावे, ही गोष्ट आम्ही पहिल्यांदा ऐकली तेव्हा विश्वास बसला नाही.

करूरचे शेतकरी १९९६ मध्ये न्यायालयात गेले. त्यानंतर २००३ मध्ये नोय्यल लाभक्षेत्रातील शेतकऱ्यांच्या संघटनेने पुन्हा अर्ज केला. डिसेंबर २००६ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितले की जोपर्यंत कारखान्यांतून एक थेंबही सांडपाणी बाहेर न पडण्याची व्यवस्था होत नाही, तोपर्यंत सोडलेल्या प्रत्येक लिटरमागे दंड भरा. हा दंड लिटरला सहा पैशांपासून सुरू होऊन मुदतीबरोबर दहा पैशांपर्यंत चढत जाणार होता. सहा पैसे म्हणजे काय, असे वाटेल. पण रोज एक लाख लिटर पाणी सोडणाऱ्या कारखान्याला ते दिवसाला सहा हजार रुपये होतात. कारखानदार सर्वोच्च न्यायालयात गेले. ऑक्टोबर २००९ मध्ये तिथेही निकाल शेतकऱ्यांच्या बाजूने लागला. धंद्यावर लाखोंची रोजी आहे, परकीय चलन येते, हे सगळे न्यायालयाने ऐकून घेतले, पण नुकसान ज्याने केले ते भरून काढण्याची जिम्मेदारी त्याचीच, हे तत्त्व सोडले नाही. तीन महिन्यांची मुदत मिळाली. ती उलटली. मग बेअदबीचा अर्ज झाला आणि जानेवारी २०११ चा तो हुकूम आला.

'नुकसान करेल तो भरेल' हे तत्त्व तिरुपूरच्या आधीच ठरलेले होते, आणि ते आपल्या चामडेवाल्या बांधवांना जास्त परिचयाचे असेल. वेल्लोर, आंबूर, वाणियंबाडी या भागातील चर्मोद्योगाच्या पाण्याने पालार नदीकाठची शेती बिघडली. सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट १९९६ रोजी त्या खटल्याचा निकाल दिला. निकालपत्रात नमूद आहे की चर्मोद्योगाच्या पट्ट्यातील सुमारे ३५,००० हेक्टर शेतजमीन काही अंशी किंवा पूर्णपणे नापीक झाली. प्रत्येक चर्मालयाला दहा हजार रुपये दंड झाला. पण दंडापेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी की नुकसान मोजण्यासाठी एक स्वतंत्र प्राधिकरण नेमले गेले. कोणत्या कुटुंबाचे किती नुकसान झाले आणि जमीन-पाणी पूर्ववत करायला किती खर्च येईल, असे दोन वेगळे हिशेब त्याने करायचे, तो पैसा जिल्हाधिकाऱ्याने जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करायचा आणि शेतकऱ्याला द्यायचा. म्हणजे शेतकऱ्याने एकेका कारखानदाराच्या मागे फिरण्याची गरज राहिली नाही, आणि 'माझ्याच पाण्याने झाले कशावरून' हा कारखानदाराचा नेहमीचा जबाबही संपला. तिरुपूरच्या शेतकऱ्यांची भरपाईही याच प्राधिकरणाकडे गेली.

बंदीनंतर तिरुपूरने काय केले? राज्य सरकारने २०११ मध्ये सामुदायिक केंद्रांना दोनशे कोटी रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले. केंद्रांत पडद्यातून पाणी दाबून मीठ वेगळे करणारी यंत्रे (यालाच आर.ओ. म्हणतात, घरात पाण्याला लावतो तेच, फक्त प्रचंड) आधीपासून काही ठिकाणी बसली होती. अडचण पुढची होती. आर.ओ.मधून नव्वद भाग चांगले पाणी निघाले तरी उरलेल्या दहा भागांत सगळे मीठ गोळा होते. ते आटवून कोरडे करायला बाष्पीभवन यंत्रे लागतात, आणि त्यांना जळण फार लागते. इथेच पूर्वी काटकसर झाली होती आणि तो खारा रस शेवटी नदीतच जात होता. आता तो आटवतात, आणि त्यातला खारा द्रव पुन्हा रंगाच्या टाकीत मीठ म्हणून वापरतात. पाणीही पुन्हा वापरात येते. तरी सगळे आलबेल आहे असे नाही. ज्याचा उपयोग होत नाही असे मिश्र मीठ गोण्यांत भरून शेडमध्ये पडून राहते, त्याचे काय करावे हा प्रश्न शिल्लक आहे. आणि अनेक लहान डाईंगवाले पुन्हा उभेच राहिले नाहीत. ज्यांच्या नावावर केंद्रात हिस्सा नव्हता आणि बँकेत पत नव्हती, ते गेले. या तंट्यात सर्वांत जास्त बुडाला तो शेतकरी आणि त्याच्या खालोखाल हा लहान माणूस, असे आमचे मत आहे.

आता गावाकडची गोष्ट. आमच्या एका मित्राने गावाबाहेर लहानसे रंगखाते काढले होते. चार टाक्या, एक बॉयलर, आठ कामगार. शेजारी एका शेतकऱ्याची विहीर आणि कागदी लिंबाची बाग. पहिल्या वर्षी ओढ्याला गुलाबी पाणी दिसले म्हणून बोलाचाली झाली. मित्र वाईट माणूस नव्हे. त्याने दोन खड्डे बांधले, चुना-तुरटी सुरू केली, पाणी नितळ झाले. उन्हाळ्यात तर शेजारी स्वतःच म्हणाला, "भाई, पाणी ओढ्याला कशाला सोडता, माझ्या बागेला द्या." याने आनंदाने पाइप टाकून दिला. दोघांनाही वाटले की तंटा मिटला.

तिसऱ्या वर्षी लिंबाची पाने कडेने करपू लागली, फळगळ झाली, कांद्याचे रोप उगवलेच नाही. जमीन पाणी पिईना, वर पांढरा थर दिसू लागला. शेतकरी म्हणे, तुमच्या पाण्याने झाले. मित्र म्हणे, पाणी तर काचेसारखे आहे, आणि मागितले तुम्हीच. आम्ही मध्ये पडलो ते मित्राची बाजू घ्यायला. जाताना तिरुपूरला आणलेले खिशातले टीडीएस मीटर बरोबर नेले होते. काही शे रुपयांत मिळणारे हे यंत्र आहे, पाण्यात बुडवले की विरघळलेल्या क्षारांचा आकडा दाखवते. मित्राच्या 'काचेसारख्या' पाण्याचा आकडा सहा हजारांवर गेला. विहिरीचा आकडा तीन हजार चारशे. दोन शेते वरच्या बाजूला असलेल्या विहिरीचा सातशे. त्यानंतर कोणालाच फार बोलता आले नाही.

हा आकडा शेतीत काय करतो त्याचा हिशेब व्यापाऱ्याला लगेच कळेल. एका एकराला पाच सेंटिमीटरची एक पाळी दिली तर साधारण दोन लाख लिटर पाणी लागते. लिटरला सहा ग्रॅम मीठ धरले तर एका पाळीत बाराशे किलो, म्हणजे टनाच्या वर मीठ जमिनीत गेले. पाणी झाड पिते, वाफ होऊन उडते, मीठ तिथेच राहते. मंडळाची जुनी मर्यादा लिटरला २,१०० मिलिग्रॅम आहे. ती पाळली तरी एका पाळीत चारशे किलोच्या वर मीठ पडतेच. आपल्याकडच्या काळ्या जमिनीत धोका जास्त, कारण मिठातला सोडियम चिकणमातीचे कण विस्कटून टाकतो, जमिनीची छिद्रे बुजतात आणि पावसाचे पाणीसुद्धा मीठ खाली वाहून नेऊ शकत नाही. पहिल्या वर्षी पीक बरे दिसते. फसगत तिथेच होते.

मात्र प्रत्येक खारवट जमिनीला कारखानाच जबाबदार असतो असेही नाही. इचलकरंजीच्या खाली पंचगंगेच्या पाण्याबद्दल शिरोळ तालुक्यातील शेतकऱ्यांची तक्रार वर्षानुवर्षे आहे, आणि ती खोटी नाही. पण त्याच तालुक्यातील पुष्कळ जमीन उसाला बेसुमार पाणी पाजल्याने आणि निचरा नसल्याने क्षारपड झाली, हे शेतकरीही मान्य करतात. जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून निचरा करून तेथील कित्येक एकर पुन्हा पिकाखाली आणले गेले आहेत. म्हणून मोजणीशिवाय आरोपही करू नये आणि इन्कारही करू नये. मोजणी कोणत्या एका पक्षाची नको. दोघांच्या समोर एकाच वेळी बाटल्या भराव्यात, दोन्हींवर दोघांच्या सह्या असाव्यात, एक मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जावी, दुसरी सीलबंद राहावी. नमुना केवळ तंट्याच्या विहिरीचा न घेता वरच्या बाजूच्या विहिरीचाही घ्यावा, नाहीतर तुलना कशाशी करणार? आणि खरी शहाणपणाची वेळ कारखाना सुरू होण्याच्या आधीची आहे. आधीचा आकडा कागदावर असेल तर पुढचे निम्मे भांडण होतच नाही. आमच्या मित्राकडे तो असता तर त्याला निदान एवढे तरी दाखवता आले असते की विहीर पहिल्यापासून किती खारी होती.

आम्ही उर्दू शाळेत शिकलो. तिथे शेजाऱ्याला हमसाया म्हणतात, एका सावलीत राहणारा. पाण्याच्या बाबतीत मात्र शेजारी फक्त कुंपणाला लागून असलेला नसतो, खाली वीस कोसांवरचाही असतो. म्हणून लगतच्या शेतकऱ्याशी पैशाची तडजोड केली, स्टॅम्प पेपरवर लिहून घेतले, आता आपल्याला कोणी विचारणार नाही, ही समजूत चुकीची आहे. ओढा पुढे जातो. असा कागद प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीची जागा घेऊ शकत नाही आणि खालच्या शेतकऱ्याचा हक्कही त्याने संपत नाही. १९७४ च्या जल कायद्याप्रमाणे ओढ्यात, विहिरीत किंवा जमिनीवर दूषित पाणी सोडणे मना आहे, मग शेजाऱ्याने स्वतःहून मागितले असले तरी.

तडजोड करूच नये असे याचा अर्थ नाही. झालेले नुकसान भरून देण्यासाठी आपसातली तडजोडच सर्वांत स्वस्त पडते. ती नुसती तोंडी ठेवू नये. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करून खटला दाखल होण्यापूर्वीच प्रकरण लोकअदालतीत ठेवता येते. त्याला कोर्ट फी नाही, तिथे झालेला निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा मानला जातो आणि त्यावर अपील नाही. गावात तंटामुक्ती समिती असेल (ही मोहीम राज्यात १५ ऑगस्ट २००७ पासून सुरू झाली) आणि तिच्यात चार समजूतदार माणसे असतील, तर पहिली बैठक तिथे घ्यावी. मोठे नुकसान असेल आणि समोरचा ऐकतच नसेल, तर शेतकऱ्याला २०१० च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे जाता येते. त्याचे पश्चिम विभागाचे पीठ पुण्यात आहे. वादाचे कारण घडल्यापासून सहा महिन्यांत, आणि भरपाईसाठी पाच वर्षांत अर्ज करावा लागतो. कारखानदारांनी या मुदती पाठ कराव्यात त्या शेतकरी थकून गप्प बसेल या आशेने नव्हे. पाच वर्षांपर्यंतचे जुने देणे आपल्या अंगावर राहू शकते हे लक्षात ठेवण्यासाठी. आपण खात्याची किंमत काढतो, भागीदारी वाटतो, मुलाच्या नावावर करतो, तेव्हा हे देणे हिशेबात कोणी धरत नाही.

आमच्या मित्राने शेवटी काय केले ते सांगतो. चार बैठका झाल्या. पहिल्या दोन शिव्यागाळीतच गेल्या. तिसऱ्या बैठकीला कृषी खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आले, त्यांनी मातीचा अहवाल वाचून दाखवला. ठरले ते असे : पाइप त्याच दिवशी बंद. तीन वर्षांच्या लिंबाच्या उत्पन्नाची भरपाई, बाजार समितीच्या पट्ट्यांवरून सरासरी काढून, चार हप्त्यांत. जमिनीला जिप्सम आणि निचऱ्याचे चर, त्याचा खर्च निम्मा-निम्मा, कारण पाणी मागितले होते हे शेतकऱ्यानेही कबूल केले. वरच्या विहिरीवरून बागेपर्यंत चांगल्या पाण्याची पाइपलाइन मित्राच्या खर्चाने. ओल्या रंगाईचे काम मित्राने तिथून हलवले. आता तो औद्योगिक वसाहतीत, सामुदायिक केंद्र असलेल्या ठिकाणी, दुसऱ्याच्या खात्यात मजुरीने कापड रंगवून घेतो. जुन्या शेडमध्ये फक्त शिलाई आणि पॅकिंग चालते. किलोमागे खर्च वाढला, नफा घटला, हे तो रोज ऐकवतो. सगळा कागद लोकअदालतीत नोंदवून घेतला.

त्या कागदात शेतकऱ्याच्या आग्रहाने एक कलम घातले गेले : दरवर्षी मे महिन्यात आणि पावसाळ्यानंतर दोघांनी मिळून विहिरीचे पाणी मोजायचे आणि आकडा वहीत लिहायचा. मीटर आमचेच आहे, म्हणून आम्हालाही जावे लागते. पाच वर्षांपूर्वी तीन हजार चारशेवर असलेली विहीर गेल्या मे महिन्यात सतराशेवर आली. ज्वारी आणि कपाशी आता येते. लिंबू लावायची शेतकऱ्याची हिंमत अजून झालेली नाही. तो म्हणतो, हजाराच्या खाली आकडा आला की बघू.